चिंतेवरच्या गोळ्या : कधी सुरू कराव्यात, किती काळ घ्याव्यात आणि कशा बंद कराव्यात?

खलबत्ता (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावी माझे औषधांचे दुकान आहे. रोज येणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, एटिझोलाम आणि लोराझेपाम या गोळ्या किती असतात याचा अंदाज बाहेरच्या माणसाला येणार नाही, कारण त्या घेणारे लोक त्यांना या नावांनी ओळखतच नाहीत. कोणी टेन्शनची गोळी म्हणतो, कोणी झोपेची म्हणतो, आणि जुने ग्राहक नुसते ‘पॉइंट टू फाइव्ह’ म्हणतात. पाचशे मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉलची सवय असलेल्या माणसाला पाव मिलिग्रॅम म्हणजे नावापुरते औषध वाटते. प्रत्यक्षात पाव मिलिग्रॅम क्लोनाझेपाम हे साधारण पाच मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मागे एक चिठ्ठी माझ्याकडे आली, ती चक्क लॅमिनेट केलेली होती. त्या काकूंचे यजमान अचानक गेले तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी ती लिहून दिली होती आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरांत ‘रात्री एक, दहा दिवस’ असे लिहिलेले होते. वारंवार दाखवावी लागते आणि घडीवर फाटते म्हणून मुलाने तिला प्लास्टिकचे आवरण घालून दिले. औषध योग्य होते, मात्रा कमीत कमी होती, मुदतही योग्य होती. पण अकराव्या दिवशी काय करायचे हे त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते, आणि दुःखातून उठलेल्या माणसाने ते आपण होऊन विचारावे अशी अपेक्षाही करता येत नाही.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत आहेत. ती विकताना डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. यांतली बरीचशी औषधे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखालीही येतात. डॉक्टरांनी पुन्हा देण्याविषयी काही लिहिलेले नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचे आणि तिच्यावर दुकानाचे नाव व तारीख टाकायची, असाही नियम आहे. लॅमिनेट केलेल्या चिठ्ठीवर शिक्का उठत नाही, हे वेगळे सांगायला नको.

मला याहूनही जास्त खटकते ती गोष्ट म्हणजे एकत्र गोळ्या. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली औषधे आपल्याकडे सर्रास लिहिली जातात. यांतले पहिले औषध चिंताविकारावरचा मूळ उपचार आहे, त्याला लागू पडायला काही आठवडे लागतात आणि ते कित्येक महिने घ्यावे लागते. दुसरे तासाभरात आराम देते आणि ते थोड्या आठवड्यांत थांबावे अशी अपेक्षा असते. ज्या दोन औषधांच्या मुदती इतक्या वेगळ्या, ती एकाच गोळीत बांधली की एक चालू ठेवायचे म्हटल्यावर दुसरेही आपोआप चालू राहते. रुग्णाला वाटते आपण एकच औषध घेत आहोत.

हा धागा कोणाला घाबरवण्यासाठी काढलेला नाही. ही औषधे ज्यांनी घेतली आहेत, ज्यांच्या घरात कोणी घेत आहे आणि जे ती लिहून देतात, अशा सर्वांनी येथे लिहावे असे वाटते. माझे मत मी आधीच सांगतो: गोळी सुरू होते त्याच दिवशी ती कधी आणि कशी थांबेल हे रुग्णाला कळायला हवे, आणि ते चिठ्ठीवर लिहिलेले असायला हवे.

सांजवात

खलबत्ता, तुमचा धागा योग्य वेळी आला आहे, मात्र दुसरी बाजू मला आवर्जून मांडायची आहे.

मी शिक्षिका आहे. वर्गात फळ्यावर लिहीत असताना मला भीतीचा पहिला झटका आला. हातातला खडू सुटला, छाती धडधडू लागली, बोटांना मुंग्या आल्या आणि आपण आत्ता या मुलांसमोर मरणार अशी खात्रीच वाटली. दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासले, सर्व व्यवस्थित निघाले, आणि ‘काही झालेले नाही’ असे सांगून मला घरी पाठवले गेले. ज्याला असा झटका येऊन गेला आहे त्याला त्या वाक्याने दिलासा मिळत नाही. पुढचे झटके एसटीत आले, बाजारात आले, आणि मग ते येतील या धास्तीने मी एसटी आणि बाजार दोन्ही सोडले. शाळेत जायलासुद्धा यजमानांना बरोबर यावे लागे.

शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सर्ट्रालिन सुरू केले आणि सोबत क्लोनाझेपाम दिले, पण दोन वेगळ्या गोळ्या म्हणून. पहिल्या भेटीतच त्यांनी कागदावर रेघ मारून दाखवले की ही मोठी गोळी वर्षभर चालेल, ही छोटी महिनाभराने कमी होऊ लागेल आणि अमुक सुमारास बंद होईल. सर्ट्रालिनचा पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ होती आणि अस्वस्थता उलट वाढली होती. छोटी गोळी नसती तर मी ते औषध चौथ्या दिवशी फेकून दिले असते, हे मला आजही पक्के माहीत आहे. पुढे समुपदेशनात विचारांवर आणि टाळाटाळीवर काम झाले, आधी एक थांबा, मग दोन थांबे असा एसटीचा प्रवास परत सुरू झाला, आणि ठरल्याप्रमाणे छोटी गोळी गेली.

म्हणून विनंती अशी की ‘या गोळ्यांची सवय लागते’ एवढे एकच वाक्य लोकांच्या कानावर पडू नये. माझ्या नात्यातल्या एका मुलीला घरच्यांनी हेच वाक्य ऐकवून उपचारापासून लांब ठेवले, आणि तिचे महाविद्यालयाचे वर्ष गेले.

हिमरू

आमच्या घरी हे औषध चिंतेसाठी आलेच नव्हते, ते पोटासाठी आले.

सासूबाईंना बरीच वर्षे गॅसेसचा आणि पोट आवळून येण्याचा त्रास होता. त्यासाठी त्यांना एक गोळी मिळत असे आणि ती घरात ‘पोटाची गोळी’ म्हणूनच ओळखली जाई. एका रात्री बाथरूमला जाताना त्या पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी दाखल केल्यावर नेहमीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी आम्ही दिली. पोटाची गोळी त्यात सांगावी असे कोणाला सुचलेही नाही. शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचे हात थरथरू लागले, झोप पूर्ण गेली, आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारू लागल्या. आम्हाला वाटले भूल चढली असेल किंवा वयामुळे असेल.

भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या. ती पट्टी त्यांनी उलटी करून खिडकीपाशी धरली आणि मागची बारीक अक्षरे मला वाचायला लावली: क्लोरडायझेपॉक्साइड, क्लिडिनियम, डायसायक्लोमिन. पहिले नाव चिंतेवरच्या औषधाचे होते. वर्षानुवर्षे रोज घेतलेले ते औषध रुग्णालयात एकदम थांबले होते, म्हणून हा भ्रम होता. ते थोड्या मात्रेत पुन्हा सुरू करून पुढे हळूहळू उतरवले, तेव्हा त्या ठीक झाल्या.

ज्यांनी ती गोळी वर्षानुवर्षे लिहिली त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. रात्री उठताना तोल जातो हे सासूबाई कित्येकदा सांगत होत्या. पट्टीची मागची बाजू घरातल्या कोणीतरी वाचावी एवढेच मी सर्वांना सांगेन.

अजिंक्यतारा

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. वरच्या तिन्ही प्रतिसादांत जे आले आहे ते एकमेकांच्या विरोधात नाही, आणि ते तसे का नाही हे थोडे विस्ताराने लिहितो.

मेंदूतल्या पेशींची उत्तेजना आवरण्याचे काम गाबा नावाचे रसायन करते. वर आलेली अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारखी बेन्झोडायझेपिन गटातली औषधे गाबाच्या ग्राहकावर (पेशीवरच्या रिसेप्टरवर) वेगळ्या जागी बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. एकाच क्रियेतून चिंता कमी होणे, झोप येणे, स्नायू सैलावणे आणि फेफरे थांबणे असे चार परिणाम मिळतात. म्हणूनच ही औषधे चिंतेपुरती मर्यादित नाहीत. फिट येत असलेल्या मुलाला, दारू सोडताना कंप सुटलेल्या रुग्णाला किंवा शस्त्रक्रियेपूर्वी भेदरलेल्या माणसाला ती अमूल्य असतात. लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून रोश कंपनीने १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आणले, तेव्हा आधीच्या बार्बिच्युरेट औषधांच्या मानाने ती फारच सुरक्षित ठरली. अधिक मात्रेने मृत्यू येण्याचा धोका, औषध एकटे घेतले असता, खूप कमी झाला. डॉक्टरांचा या गटावर विश्वास बसला तो उगीच नव्हे.

अडचण नंतर लक्षात आली. औषध रोज मिळू लागले की ग्राहक त्याला सरावतो, आणि त्याच मात्रेत पूर्वीइतका परिणाम मिळेनासा होतो. झोपेचा परिणाम आधी ओसरतो. मग औषध एकदम थांबवले तर आवरणारी यंत्रणा दुबळी पडलेली असते आणि उत्तेजना उसळून येते. झोप उडणे, घाम, थरथर, आवाज व उजेड सहन न होणे, पूर्वीपेक्षा तीव्र चिंता, आणि मात्रा मोठी असेल तर फिट किंवा भ्रम अशी ही लक्षणे असतात. रुग्ण त्यावरून निष्कर्ष काढतो की गोळीशिवाय आपण राहूच शकत नाही, आपला आजार तसाच आहे. पुष्कळदा तो आजार नसतो, औषध सुटल्याचा तो परिणाम असतो. अल्प्राझोलाम आणि एटिझोलाम यांसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधांत तर दोन गोळ्यांच्या मधल्या वेळेतही हे जाणवते. रात्रीची गोळी घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी बेचैन होतो आणि मग दुपारीही एक गोळी सुरू होते.

हे ओळखूनच ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने १९८८ मध्ये ही औषधे तीव्र चिंतेसाठी दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरावीत असे सांगितले. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१६ मध्ये अफूजन्य वेदनाशामकांबरोबर ती घेण्याविषयी आणि २०२० मध्ये अवलंबित्व व औषध सुटतानाच्या धोक्याविषयी सर्वांत कडक प्रकारचा इशारा सर्व बेन्झोडायझेपिनांवर छापायला लावला. दारूबरोबर घेतली असता श्वसन मंदावते, आणि ‘दोनच पेग घेतले होते’ हे उत्तर मी अतिदक्षता विभागात पुरेशा वेळा ऐकले आहे.

आपल्याकडे ज्याची चर्चा फारशी होत नाही असा एक धोका सांगतो. गेल्या काही वर्षांत गजकर्णाचा प्रादुर्भाव खूप वाढला आहे आणि त्यासाठी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे दिल्या जातात. यकृतातल्या ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) अल्प्राझोलाम शरीराबाहेर पडते ते विकर ही कॅप्सूल बंद पाडते. म्हणून ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत असे स्पष्ट निर्देश आहेत. त्वचारोगाच्या डॉक्टरांना टेन्शनच्या गोळीविषयी सांगायचे असते हे रुग्णाला कोठून ठाऊक असणार? तो दिवसा पेंगतो, मोटारसायकलवरून पडतो, आणि कारण कधीच सापडत नाही.

सांजवात यांनी वर्णन केलेला उपचार मात्र शिकवण्यासारखा आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधे आणि विचार-वर्तन उपचार हे चिंताविकाराचे मूळ उपचार आहेत. त्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते, आणि तेवढ्या काळासाठी दुसरी गोळी आधार देते. बरे वाटू लागल्यावरही मूळ औषध किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे लागते. त्यांचेही दुष्परिणाम आहेत. लैंगिक इच्छा आणि क्षमता कमी होते, जे रुग्ण लाजेने सांगत नाहीत आणि परस्पर औषध सोडतात. वृद्धांमध्ये रक्तातले सोडियम घसरू शकते. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढत नाहीत ना, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवायचे असते. तीही एकदम बंद करायची नसतात, चक्कर आणि डोक्यात झटके बसल्यासारखे होते; पण मात्रा वाढवत नेण्याची ओढ त्यांच्यामुळे लागत नाही.

प्रोप्रानोलॉलविषयी एक ओळ. मुलाखतीपूर्वीची थरथर आणि धडधड त्याने कमी होते, मात्र दम्याच्या रुग्णाने ते घेऊ नये, आणि इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची धडधड त्याच्यामुळे झाकली जाते.

मोसमकाठ

अजिंक्यतारा यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी मालेगावचा आहे, त्यामुळे या औषधाचे तिसरे रूप येथे नोंदवणे मला भाग आहे.

आमच्याकडे अल्प्राझोलामची गोळी ‘कुत्ता गोळी’ या नावाने गल्लीत विकली जाते. यंत्रमागावर रात्रपाळी करणारी पोरे ती घेतात, आणि घेणाऱ्याला पुढे काय केले ते आठवत नाही म्हणून मारामारीच्या बातम्यांतही तिचे नाव येते. छत्रपती संभाजीनगरमध्ये अशाच गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात. सीमेपलीकडे तेलंगणात ताडीमध्ये अल्प्राझोलाम आणि डायझेपाम मिसळण्याचे प्रकार वर्षानुवर्षे उघडकीस येत आहेत, आणि ती ताडी मिळाली नाही की पिणाऱ्याला फिट येतात, हे तिकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेले आहे.

हे लिहिण्याचा हेतू बदनामीचा नाही. धाड पडली की वर्तमानपत्रात पट्ट्यांच्या ढिगाऱ्याचा फोटो येतो आणि पोलिसांचे काम तेथे संपते. ती गोळी रोज आठ-दहा घेणाऱ्या मुलाला दुसऱ्या दिवशी ती मिळाली नाही तर त्याला फिट येऊ शकते आणि त्याला कोठडीऐवजी डॉक्टरांची गरज असते, हे मात्र घरच्यांना कोणी सांगत नाही. व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे दारूपुरते, असा समजही सर्वत्र आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत १९८६ पासून दारूबरोबर इतर मादक पदार्थांवरही उपचार होतात, हे लोकांना कळायला हवे.

थेम्सकाठ

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती देतो. भारतातून आई-वडील मुलांकडे राहायला येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत एटिझोलाम किंवा एटिझोलाम व प्रोप्रानोलॉल यांची एकत्र गोळी असते. भारतात ती चिठ्ठीवर मिळणारी नेहमीची गोळी आहे. ब्रिटनमध्ये एटिझोलाम २०१७ पासून क वर्गातला नियंत्रित पदार्थ आहे, आणि अमेरिकेत २०२३ पासून ते हेरॉइन ज्या यादीत आहे त्या पहिल्या यादीत गेले आहे, म्हणजे वैद्यकीय उपयोगच मान्य नसलेला पदार्थ. तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटून दुसरे औषध घ्यायचे की मात्रा उतरवायची हे ठरवावे. विमानतळाच्या भीतीने आदल्या दिवशी गोळी एकदम थांबवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

येथे ब्रिटनमध्ये डॉक्टर डायझेपाम मोजून देतात, हे खरे आहे. पण गोळीऐवजी द्यायला त्यांच्याकडे काहीतरी असते, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये २००८ पासून सरकारी सेवेत चिंता आणि नैराश्यासाठी समुपदेशन मिळते आणि रुग्णाला स्वतःहून नाव नोंदवता येते. प्रतीक्षा करावी लागते, पण खर्च करावा लागत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांकडे संध्याकाळी पन्नास रुग्ण बसलेले असताना त्यांनी गोळी लिहिली, तर त्या डॉक्टरांना दोष देताना मला संकोच वाटतो.

झुआरी

थेम्सकाठ, त्यासाठी इंग्लंडपर्यंत जावे लागत नाही. गोव्यात संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये स्थानिक, डॉक्टर नसलेल्या व्यक्तींना प्रशिक्षण देऊन चिंता व नैराश्याच्या रुग्णांना समुपदेशन देण्याचा प्रयोग केला. सरकारी केंद्रांतले रुग्ण त्यामुळे अधिक संख्येने बरे झाले, असे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. औषध गरजेप्रमाणे होतेच. माणूसही बरोबर होता. एवढे सिद्ध झालेले असताना ते प्रत्येक तालुक्यात का नाही, हा प्रश्न आपण लोकप्रतिनिधींना विचारायला हवा. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे दिसले होते. एकीकडे अकारण वर्षानुवर्षे गोळी चालू असलेली माणसे आणि दुसरीकडे डॉक्टरांचे तोंडही न पाहिलेली माणसे, असे दोन्ही आपल्याच गावात असते.

माळरान

सर्व प्रतिसाद वाचले. माझ्या वडिलांचे वय ७४ आहे आणि ते बारा वर्षे रात्री अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम घेतात. सेवानिवृत्तीच्या सुमारास कोर्टकज्जामुळे सुरू झाले होते; तो खटला संपूनही बराच काळ झाला. आता त्यांना नावे आठवत नाहीत. धाकट्या भावाचे म्हणणे आहे की त्यांना दहा दिवसांच्या विपश्यनेला न्यावे, गोळी घरी ठेवावी आणि अश्वगंधा सुरू करावे. हे योग्य होईल का?

अजिंक्यतारा

माळरान, कृपया असे करू नका. बारा वर्षांची गोळी एका दिवसात घरी ठेवणे धोक्याचे आहे, आणि जेथे मौन पाळायचे असते तेथे त्रास झाला तर तो उशिरा कळेल. विपश्यनेच्या अर्जात औषधांची माहिती विचारलेली असते, ती खरी भरायची असते. अश्वगंधाने गुंगीत भर पडू शकते, थायरॉइडच्या औषधांशी त्याचे जमत नाही, आणि औषध सुटतानाची फिट त्याने थांबत नाही. ध्यान आणि व्यायाम यांना माझा विरोध नाही. मात्रा उतरवण्याच्या काळात ते करावेत, त्यांचा उपयोग होतो.

प्रत्यक्षात काय करता येईल ते सांगतो. २०२५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार मात्रा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्क्यांनी कमी करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक कधीही उतरवू नये. इंग्लंडमधील न्यूकासल येथे प्राध्यापक हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात फक्त याच कामासाठी एक दवाखाना चालवला. लवकर उतरणारे औषध काढून तुल्य मात्रेत डायझेपामसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध द्यायचे आणि मग ते सावकाश उतरवायचे, ही त्यांची पद्धत अनेक डॉक्टर वापरतात. चौऱ्याहत्तरीत डायझेपाम शरीरात साठते, म्हणून तुमच्या वडिलांसाठी ती योग्य आहे की नाही हे तपासूनच ठरेल. मध्येच त्रास वाढला तर तेथेच थांबायचे, मागे वळायचे नाही. याला कित्येक महिने लागू शकतात, आणि ते लागले तरी चालतात.

नावे न आठवणे हे गोळीमुळे असेल, वयामुळे असेल, किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असेल. गोळी उतरवल्यावर काही जणांची स्मरणशक्ती सुधारते. तसे होईलच असे वचन मात्र मी देणार नाही. वडिलांना स्वतःला हे पटले पाहिजे, हे सर्वांत महत्त्वाचे. त्यांच्या नकळत गोळी लपवणे किंवा बदलणे हे कोणीही करू नये.

जवळ मनोविकारतज्ज्ञ नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, कोणत्याही वेळी, विनामूल्य बोलता येते. ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तुमच्या जिल्ह्यात कोणाला भेटायचे हे ते सांगू शकतात.

माळरान

मनापासून आभार. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते असे कळले, तेथे वडिलांना घेऊन जात आहे. आधी त्यांच्याशी बोललो. ‘मला वाटले होते ही जन्मभराची आहे, कोणी थांब म्हटलेच नाही,’ असे ते म्हणाले. एक व्यावहारिक शंका आहे. दहा टक्के कमी करायचे म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी कापायची कशी? सुरीने तिचा भुगा होतो.

खलबत्ता

माळरान, हे काम आमचे आहे, त्यामुळे सविस्तर सांगतो. अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी मिळते. डॉक्टरांकडून चिठ्ठी पाव मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या अशी बदलून घ्या, म्हणजे एका गोळीचा तुकडा काढणे पुरते. गोळी कापण्याचे छोटे प्लास्टिकचे यंत्र औषधांच्या दुकानात मागवता येते, त्याने गोळीवर मधोमध खाच असेल तर सारखे दोन भाग होतात. चार भाग अगदी सारखे होत नाहीत. दहा टक्के त्याने साधत नाहीत, म्हणून तेवढी बारीक पायरी हवी असेल तर डॉक्टर औषध बदलून देतील किंवा पायऱ्या थोड्या मोठ्या ठेवून दोन पायऱ्यांमधले आठवडे वाढवतील. दोन्ही चालते. कापलेला दुसरा भाग दुसऱ्या दिवशीच वापरा, दमट हवेत तो फार दिवस ठेवू नका. पट्टीवर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असे लिहिलेले असेल तर ती गोळी अजिबात कापू नका आणि चावू नका, कारण दिवसभरात सुटायचे औषध एकदम सुटते.

एक साधी वही करा. तारीख, किती घेतली, झोप किती लागली, तोल गेला का, एवढे चार रकाने पुरेत, आणि ती दर भेटीला डॉक्टरांना दाखवा. औषध एकाच दुकानातून घ्या आणि त्या दुकानदाराला सांगा की मात्रा उतरवत आहोत. मागच्या वेळेपेक्षा जास्त गोळ्या मागितल्या गेल्या तर तो विचारू शकेल. आधीच्या उरलेल्या पट्ट्या घरात मोकळ्या ठेवू नका, विशेषतः नातवंडे असतील तर. ओपीडीला जाताना वडिलांच्या सर्व गोळ्या, पोटाच्या आणि त्वचेच्या धरून, पट्ट्यांसकट न्या.